बुरशी मेली, विष उरलं!

गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा. म्हणजे 40 टन गव्हात अब्जभर दाणे झाले. त्या अख्ख्या ढिगात एक दाणा जेवढा, तेवढा अंश म्हणजे ‘एक पीपीबी’. बुरशीचं सर्वांत बदनाम विष, अफ्लाटॉक्सिन, याच मापात मोजतात. भारतात धान्य आणि डाळींसाठी त्याची मर्यादा 15 पीपीबी आहे. ती ठरवणारी सरकारी अन्नसुरक्षा संस्था, एफएसएसएआय, दिल्लीत कोटला रोडवर बसते आणि तिची राष्ट्रीय अन्न प्रयोगशाळा आहे शेजारच्या गाझियाबादेत.

हे विष सापडलं ते टर्की पक्ष्यांमुळे! 1960 मध्ये इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पटापट मेल्या. रोगाचं मूळ निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. अतिनील दिव्याखाली धरलं की अफ्लाटॉक्सिन निळं किंवा हिरवं चमकतं, प्रयोगशाळेत त्यावरूनच ते पकडता येतं.

माणसांनीही त्याची जबर किंमत मोजली आहे. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन 397 जण आजारी पडले, 106 दगावले. घरातलंच उष्टं खाणारी कुत्रीही आजारली होती.

आता दिल्लीचं दूध. एफएसएसएआयने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांतल्या 5.7 टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेबाहेर होतं. दिल्लीत मात्र 262 पैकी 38, म्हणजे 14 टक्क्यांहून जास्त! आणि हा दोष सुट्या कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक दिसला. पिशवीचं दूध निर्धोक मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गाय किंवा म्हैस बुरशी लागलेली पेंड, मका खाते आणि त्यातल्या विषाचा थोडा अंश रूप बदलून, एम-1 होऊन, दुधात उतरतो, तोही दिवसभराच्या आत. दूध कितीही उकळा, जंतू मरतात, विष तसंच राहतं. आपली मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम, युरोपची 0.05. दहापट फरक! दूध सर्वाधिक पितात ती लहान मुलं, म्हणून हा फरक मला फार बोचतो.

खरी गंमत हिशेबात आहे. अन्नात विष किती, याने अर्धंच उत्तर मिळतं. ते अन्न तुम्ही खाता किती आणि तुमचं वजन किती, हेही हवं. गव्हावरच्या फ्युजेरियम बुरशीचं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष घ्या. गव्हात त्याची मर्यादा किलोला 1000 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या माणसाने नेमक्या त्या मर्यादेवरच्या 300 ग्रॅम कणकेच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात गेले 300 मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे 5. तज्ज्ञांनी सोसण्याजोगी मानलेली रोजची मात्रा आहे 1! बाजारातला बहुतेक गहू या मर्यादेच्या बराच खाली असतो, हे खरं. तरी पोळीवर जगणाऱ्या शहरात नियमात बसणारं पीठही ताटात नियमाबाहेर जाऊ शकतं, आणि 15 किलोच्या पोराला त्यासाठी 100 ग्रॅम कणीकही पुरते.

म्हणूनच संशोधक ‘काल दिवसभरात काय काय खाल्लं?’ असं विचारतात. शिवाय रक्तही तपासतात: अफ्लाटॉक्सिन रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून बसतं, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत पोटात काय गेलं त्याची खूण एका थेंबात सापडते. हिपाटायटीस बी असलेल्यांना हे विष कितीतरी जास्त घातक. दोन्ही एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

नमुना घेणं हीसुद्धा कसरतच. विष पोत्यात सारखं पसरत नाही, चार दाण्यांत ठासून भरतं. त्यामुळे पोत्यात परखी एकाच जागी खुपसून भागत नाही, ठिकठिकाणचे दाणे एकत्र दळावे लागतात.

उपासाच्या खिचडीसाठी दाण्याचं कूट करण्याआधी आजी काळे, सुरकुतलेले दाणे वेचून टाकायची, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं: विषाचा मोठा वाटा त्याच दाण्यांत असतो. कूट झाल्यावर मात्र काहीच वेचता येत नाही. घाण्याच्या तेलातही विष उरू शकतं, रिफाइंड करताना मात्र जवळजवळ निघून जातं.

साठवणीचा उपायही दिल्लीचाच. पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा कागद घालून ‘पुसा बिन’ ही कोठी तयार केली. ओल आत शिरत नाही, त्यामुळे बुरशीला वाढायला वावच मिळत नाही. मात्र गहू 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच आत भरावा लागतो.