झिजलेला हात आणि पुराव्याचा भार



रणांगणावर गोळी लागली, तर तिला दिवस असतो, ठिकाण असते, साक्षीदारही असतात. परंतु लष्करी गाड्यांच्या कारखान्यात वीस वर्षे पाना फिरवून ज्याचे मनगट झिजले, त्याने तारीख कोणती सांगावी? अमेरिकेतील अनेक माजी सैनिक अपंगत्व-भत्त्यासाठी अर्ज करतात, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. तो आपणही समजून घेण्याजोगा आहे.

हा रोग नवा नव्हे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची भर घातली. सतत बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण ही तीन कारणे त्यांनी दिली. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून नऊ कंडरा व एक मुख्य मज्जातंतू जातो. तीच ती हालचाल हजारो वेळा केली, की कंडरांवरील आवरण सुजते आणि मज्जातंतू दबतो. मग अंगठा व शेजारची बोटे बधिर होतात, रात्री मुंग्या येतात, हातातील वस्तू गळून पडते. याला डॉक्टर कार्पल टनेल म्हणतात.

आता कायदा पाहू. तेथील माजी सैनिक खाते सामान्यतः तीन गोष्टी मागते. आज व्याधी आहे काय? नोकरीत असताना तिला कारण घडले काय? आणि या दोहोंना जोडणारा वैद्यकीय दुवा आहे काय? पहिली गोष्ट मज्जातंतूच्या तपासणीने सिद्ध होते. अडते ते दुसरीपाशी. फौजेत मनगट दुखते म्हणून दवाखान्याची वाट धरणारा कामचुकार ठरण्याची भीती असते. शिपाई दात-ओठ खाऊन काम करतो आणि त्याच्या कागदावर काहीच उमटत नाही. दहा वर्षांनी तोच कोरा कागद त्याच्याविरुद्ध साक्ष देतो!

तथापि कायद्याने येथे वाट ठेवली आहे. सैनिकाच्या कामाचे स्वरूप, त्याचे स्वतःचे निवेदन, सोबत्यांची व पत्नीची साक्ष, यांचा विचार करणे खात्यास भाग आहे. डॉक्टरने ‘खात्रीने’ म्हणावे लागत नाही. नोकरीमुळे व्याधी झाल्याचा संभव न झाल्याच्या संभवाइतका तरी आहे, एवढे कारणांसह लिहिले तरी चालते. दोन्ही पारडी समतोल राहिली, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो. शिवाय २०१८ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने ठरविले, की निश्चित रोगाचे नाव देता आले नाही, तरी शरीराचे कार्य खुंटविणारी वेदना हीच व्याधी ठरू शकते.

दर कसा ठरतो तेही सांगतो. या मज्जातंतूच्या सौम्य विकाराला १० टक्के. मध्यम असल्यास कामाच्या हाताला ३० व दुसऱ्याला २०. मात्र ३० आणि २० मिळून ५० अशी सरळ बेरीज होत नाही. ३० वजा जाता माणूस ७० टक्के धडधाकट उरला, त्याचे २० टक्के म्हणजे १४, एकूण ४४. दोन्ही हात गेले म्हणून त्यात ४४ चा दशांश मिळवितात. ४८.४ झाले, म्हणजे जवळच्या दहाला ५०. ही शेवटची भर विसरली, तर ४४ चे ४० होतात. अर्ज नाकारला गेला, तर एक वर्षाच्या आत नवा पुरावा देणे, वरिष्ठाकडून फेरतपासणी मागणे किंवा अपील मंडळाकडे जाणे, असे तीन मार्ग २०१९ पासून खुले आहेत.

आपल्याकडेही २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळच्या निवृत्तिवेतन नियमांचा अर्थ लावताना म्हटले, की भरतीच्या वेळी ज्याच्या नोंदीत रोग नाही, तो निरोगीच धरावा. पुढे रोगापायी त्याला काढले, तर तो नोकरीमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, सैनिकावर नाही.

कामगारांचे दावे लिहिताना मी एकच दृश्य पुनःपुन्हा पाहिले आहे. माणूस मुकादमाला तोंडी सांगतो, मुकादम “होईल बरे” म्हणतो आणि नोंद कोठेच होत नाही. म्हणून सैनिक असो, शिवणयंत्रावरची बाई असो, की टंकलेखक असो, मी एवढेच सांगेन: हात दुखू लागला त्याच आठवड्यात लेखी कळवा, नक्कल घरी ठेवा, डॉक्टरला काम काय करता ते सविस्तर सांगा. याचना म्हणून नव्हे. ज्या हाताने कामाला आपली ताकद दिली, त्या हाताचा तो हिशेब आहे, आणि हिशेब वेळच्या वेळी लिहिलेला बरा.