बुडाखालचा जाळ

विजापूर रस्त्यावरचं मंद्रूप सोलापूरहून वीस-पंचवीस किलोमीटर. मोटारसायकलला टाच मारली की अर्ध्या तासात गाव येतं. पेट्रोलवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल याच रस्त्याला लावली असती, तर तिला दोन तास लागले असते. सायकलवरून शाळेला निघालेल्या पोरानंही तिला सहज मागं टाकलं असतं.

गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ती जर्मनीत १८८५ मध्ये बांधली. खरं तर त्यांना मोटारसायकल करायचीच नव्हती. आपलं नवं इंजिन रस्त्यावर चालतं का, हे बघायला एक गाडा हवा होता. मग लाकडी सांगाडा, बैलगाडीसारखी लोखंडी धाव चढवलेली लाकडी चाकं, कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी चाकं. इंजिन २६४ सीसीचं, मिनिटाला ६०० फेरे, ताकद अर्धी अश्वशक्ती.

स्पार्क प्लग नव्हता. सिलिंडरला जोडलेली नळी बर्नरच्या ज्योतीनं बाहेरून लालभडक ठेवायची. पिस्टननं दाबलेलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण नळीत शिरलं की भडका. ही ज्योत बसणाऱ्याच्या बुडाखाली! त्या नोव्हेंबरात डाइम्लरचा मुलगा पॉल फेरी मारायला निघाला आणि बैठकीनं पेट घेतला.

विक्रीसाठी कारखान्यात बनलेली पहिली मोटारसायकल मात्र म्युनिकची, १८९४ मधली हिल्डेब्रांड-वोल्फम्युलर. इंजिन तब्बल १४८९ सीसीचं आणि ताकद जेमतेम अडीच अश्वशक्ती, कारण फेरे मिनिटाला २४० च. चेन नाही, क्लच नाही, गिअर नाही. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनासारखे पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार धावांपैकी एकाच धावेत जोर मिळतो. उरलेल्या तीन आधीच्या वेगावर ओढून न्याव्या लागतात. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाला ते भलंमोठं जड चाक असतं, ते यासाठीच. म्युनिककरांनी वेगळं चाक दिलंच नाही, मागच्या चाकालाच ते काम लावलं. पिस्टनला परतताना मदत म्हणून रबरी पट्टे ताणून बसवले. थंड करायचं पाणी मागच्या मडगार्डात! गाडी ढकलत पळायचं, इंजिन धडधडलं की उडी मारून बसायचं. थांबायचं म्हटलं की इंजिनही बंद. वेग ताशी ४५ किलोमीटर. डोकं अफाट, पण गाडी फसलेलीच.

वाट सापडली ती फ्रान्समध्ये. द दियाँ-बुताँ कंपनीनं १८९५ च्या सुमारास इंजिन लहान केलं, फेरे कित्येक पटींनी वाढवले आणि ठिणगीसाठी बॅटरी-कॉइल आणली. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी आधी इंजिन पुढच्या चाकावर बसवून पाहिलं. वजन वर गेल्यानं गाडी घसरायची. १९०१ मध्ये त्यांनी ते खाली, पेडलांपाशी आणलं. मोटारसायकलचं इंजिन आजही साधारण तिथंच असतं.

पेडल मात्र गेलं नव्हतं. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये आणलेली लूना पेडल मारूनच सुरू व्हायची. इंजिन ५० सीसीचं, म्हणजे म्युनिकच्या त्या धुडाचा तिसावा हिस्सा. तरी तिच्यावर माणूस बसे आणि बाजूला दुधाच्या किटल्याही लटकत. एखाद्या गोठ्याच्या कडेला जुनी लूना धूळ खात उभी दिसली, तर मालकाला विचारून दोन पेडल मारून बघा.