गेममध्ये अडकायचं, पण किती वेळ?

नववीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’मधल्यासारखं माणूस खरंच गेममध्ये अडकू शकेल का? रेकी कावाहारा यांची ही जपानी कादंबरीमाला किंवा तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका ज्यांच्या घरात अजून शिरलेली नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. दहा हजार खेळाडू ‘नर्व्हगिअर’ नावाचं हेल्मेट चढवून खेळायला बसतात आणि आत गेल्यावर कळतं, की बाहेर पडायचं बटणच गायब आहे. गेममध्ये मेलात, तर हेल्मेट मेंदू भाजून काढणार. बाहेरून कुणी ते ओढून काढलं, तरी तेच.

कथेतला हा दिवस ६ नोव्हेंबर २०२२. नेमक्या त्याच दिवशी ऑक्युलस या आभासी वास्तवाच्या हेडसेटचे जनक पामर लकी यांनी जीव घेऊ शकणारा हेडसेट बनवल्याचं जाहीर केलं आणि जगभर बातम्या झाल्या. त्यात कादंबरीतल्या सूक्ष्मलहरी नव्हत्या. कपाळाच्या जागी चक्क स्फोटकं बसवली होती. वस्तू कार्यालयात ठेवायची शोभेची, हेही त्यांनीच सांगितलं. माणूस मारायला फारसं विज्ञान लागत नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं. खरी करामत आहे ती माणसाला आत नेण्यात.

त्यासाठी हेल्मेटला मनातला हेतू वाचता आला पाहिजे, खोटी संवेदना मेंदूत घालता आली पाहिजे आणि खाटेवरचं शरीर रोखून धरता आलं पाहिजे. नाहीतर गेममध्ये तलवार फिरवताना हात भिंतीवर आपटायचा.

यातलं शेवटचं काम निसर्गाने कधीच करून ठेवलंय. पहाटेच्या साखरझोपेत स्वप्नं जोरात असतात, तेव्हा मेंदूच्या देठातून स्नायूंना ‘हलू नका’ असा हुकूम गेलेला असतो. फ्रान्समधल्या लियाँचे संशोधक मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तेवढाच भाग निकामी केला. मांजरं झोपेतच उठून समोर नसलेल्या सावजावर झडप घालू लागली! हेतू वाचण्याचं कामही थोडंफार जमू लागलंय. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत १०२४ इलेक्ट्रोड बसवले आणि तो नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळला. कौतुक जरूर करावं, पण ‘आता मेंदू थेट गेममध्ये’ असल्या मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. तो गृहस्थ पटाकडे आपल्यासारखाच डोळ्यांनी बघत होता.

घोडं अडतं ते संवेदना आत घालण्यापाशी. इथे मला शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६८ साल आभासी वास्तवाच्या इतिहासात आयव्हन सदरलंड यांच्या छताला टांगलेल्या हेडसेटसाठी गाजतं. त्याच वर्षी ब्रिंडली आणि शल्यचिकित्सक वॉल्पोल लेविन यांचा एक शोधनिबंध आला, त्याची आठवण या संदर्भात कुणी काढत नाही. ५२ वर्षांच्या एका अंध बाईंच्या मेंदूच्या मागच्या भागावर त्यांनी ८० इलेक्ट्रोड बसवले आणि कवटीबाहेरून रेडिओ संदेश पाठवले. बाईंना ठिपका दिसला! बारीक, पांढरा, ठरलेल्या जागी. काही इलेक्ट्रोडमुळे दोन-चार ठिपके दिसत, काहींमुळे छोटासा ढग. बाईंनी डोळे फिरवले, की ठिपकेही सोबत फिरत. म्हणजे त्या ठिपक्याकडे ‘वळून’ बघताच येईना. (याच ब्रिंडलींनी विजेवर चालणारं एक बासून वाद्यही तयार केलं होतं. अशी माणसं हल्ली अनुदानाच्या अर्जात बसत नाहीत.)

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. साठेक वर्षांनंतरही मेंदूत थेट चित्र उमटवण्याचं तंत्र ठिपक्यांच्या फार पलीकडे गेलेलं नाही. किल्ला, ड्रॅगन, गरम सूप वगैरे तर सोडूनच द्या. सदरलंड यांचा मार्ग सोपा होता: मेंदूला हात न लावता डोळ्यांना फसवायचं. आजचे सगळे हेडसेट त्याच मार्गावरचे आहेत आणि ते कुणालाही काढून ठेवता येतात.

आता ‘अडकण्या’विषयी. ब्रिंडली आणि लेविन यांनी हेही नोंदवलंय, की प्रवाह थांबवला, की ठिपका बहुधा लगेच विझत असे. उत्तेजन जोरदार दिलं, तर कधीकधी तो रेंगाळे, जास्तीत जास्त दोन मिनिटं. तेव्हा नववीतल्या मित्रा, उत्तर असं: नाही, आणि हेल्मेट ओढल्याने काही होईल अशी भीती आज तरी बाळगू नकोस. मात्र मराठीत अशी कादंबरी लिहायचं तुझ्या मनात असेल, तर नायिकेला चकचकीत किल्ला देऊ नकोस. ८० ठिपके दे, तेही नजरेबरोबर पळणारे, आणि त्यांतून तिला वाट काढायला लाव.