पाण्याच्या उलट्या वाटेने

वडूजच्या पुलाखालून येरळा वाहते. वर्षातले बरेच महिने तिला 'वाहते' म्हणणे हे आम्हा खटावकरांचे औदार्य; पण पावसाळ्यात जे काही पाणी तिच्या पात्रात येते ते दक्षिणेला जाते, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरते. वास्तविक अरबी समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत. खुद्द कृष्णा महाबळेश्वरी जिथे उगम पावते तिथून तर तो अवघा ६४ किलोमीटर. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून दुसऱ्याच समुद्राला जाते.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे सायकलवरून एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाण्याचा एक बेत. गावातल्या पाच तरुणांनी तो मांडला. चार मुलगे आणि एक मुलगी. सायकली होत्या, पाय होते, उमेद तर होतीच. अडले होते ते एकाच ठिकाणी: वाट कोणती धरायची?

हे वेड नवे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. इंग्लंडच्या उत्तरेला तर १९९४ पासून 'समुद्र ते समुद्र' असा आखीव सायकलमार्गच आहे. लांबी सुमारे २२५ किलोमीटर. निघताना सायकलचे मागचे चाक आयरिश समुद्रात बुडवायचे आणि पोचल्यावर पुढचे चाक उत्तर समुद्रात, अशी तिथली रीत. बहुतेक लोक तो मार्ग पश्चिमेकडून पूर्वेला जातात, कारण तिथला वारा बहुधा पश्चिमेचा. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे असा आखीव मार्ग नाही; तो ज्याचा त्याने निवडायचा. सर्वांत सोपे उत्तर मंगळूर ते चेन्नई. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत आणि बंगळूरमार्गे अंतर भरते सुमारे ७०० किलोमीटर. आठवड्याभरात मोकळे. दुसरा पर्याय मुंबईहून पुणे, सोलापूर, हैदराबाद असा. पण त्यात पहिले दोन दिवस गर्दीतून सायकल काढण्यातच जायचे. तिसरा कोकणातल्या गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, वडूज, पंढरपूर, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा आणि मछलीपट्टणम. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. मंडळींचा ओढा पहिल्याकडे होता. माझे मत तिसऱ्याला पडले, आणि तेही उलट्या दिशेने: मछलीपट्टणमहून सुरुवात, गुहागरला शेवट.

कारणे सांगतो. सायकलवाल्याचा खरा मालक रस्ता नव्हे, वारा. पावसाळा सरला की दख्खनच्या पठारावर बहुधा ईशान्येचा, पूर्वेचा वारा असतो. आपण सहलीला निघणार ते थंडीत. तेव्हा पूर्वेकडे तोंड करून निघाल्यास तोच वारा बारा दिवस छातीवर घ्यावा लागेल. पश्चिमेकडे येताना तो पाठीवर राहतो. इंग्लंडचा न्याय इथे लावायचा तर तो असा उलटा करूनच लावला पाहिजे.

दुसरे कारण सूर्याचे. शहाणा सायकलस्वार पहाटे उजाडता निघतो आणि उन्हे चढायच्या आत मुक्काम गाठतो. पश्चिमेला जाताना सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी असतो. म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही पाठीशी. त्याच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही, आपण त्याला लांबून स्वच्छ दिसतो. उलट दिशेला नेमके याच वेळी त्याचे डोळे दिपलेले असतात.

तिसरे कारण चढाचे. बँकेत आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासल्यामुळे मला ते हप्त्यांच्या भाषेतच सुचते. गुहागरहून निघाले तर सह्याद्रीचा चढ एकरकमी फेडावा लागतो; पोफळीपासून हेळवाकपर्यंत कुंभार्लीची वळणे, तीही अंग सरावायच्या आत, दुसऱ्या दिवशी. मछलीपट्टणमहून निघाले तर तेवढीच उंची आठ-नऊ दिवसांच्या हप्त्यांनी चढता येते. विजयवाडा समुद्राच्या जवळजवळ पातळीवर, हैदराबाद पाचशे मीटरच्या वर, सोलापूर साडेचारशेच्या आसपास, मग माणदेशात पुन्हा हळूहळू वर. एकाही दिवशी पाय भरून येत नाहीत. आणि शेवटी घाट येतो तो उताराचा.

इथवर सारे पाचही जणांना पटले. खरा प्रश्न विचारला तो त्या मुलीच्या आईने. बाईंनी किलोमीटर विचारले नाहीत, वारा विचारला नाही. "भाऊजी, रोज रात्री ही कुठे झोपणार, तेवढे सांगा." हजार किलोमीटरचा आकडा ऐकून कोणी घाबरत नाही आणि धीरही येत नाही. धीर येतो तो संध्याकाळचे गाव कळल्यावर. वेदांगी कुलकर्णी या पुण्याच्या मुलीने २०१८ साली, विशीत असताना, एकटीने सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत पुरी केली, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी कौतुकाने ऐकले आणि पुन्हा विचारले, "पण हिची सोय?"

तेव्हा आम्ही नकाशा बाजूला ठेवला आणि मुक्काम मांडायला घेतले. रोजचे अंतर नव्वदच्या आसपास, क्वचित शंभरावर. मछलीपट्टणमजवळच्या मंगिनापुडीच्या किनाऱ्यावरून निघून पहिली रात्र विजयवाड्याला. मग कोदाड, सूर्यापेट आणि हैदराबाद. शहरात शिरायचे ते रविवारी सकाळी. बाहेरच्या वर्तुळाकार द्रुतगती रस्त्यावर सायकलला मज्जाव आहे. पुढे जहीराबाद. त्यानंतर हुमनाबाद, म्हणजे माणिकप्रभूंचे माणिकनगर. इथे कानावर मराठी पडू लागते. मग नळदुर्ग, सोलापूर, पंढरपूर. पंढरपुरात मठ आणि धर्मशाळा, पुढे गोंदवल्याला महाराजांच्या समाधिमंदिरात भक्तांची राहण्याजेवणाची सोय. गोंदवल्याहून वडूज हाकेच्या अंतरावर, तेव्हा अकराव्या-बाराव्या रात्री घरचीच भाकरी. हा तक्ता पाहिल्यावर आईने परवानगी दिली. अटी दोन: सूर्य मावळल्यावर चाक फिरणार नाही, आणि मुक्कामी पोचल्याचा फोन आंघोळीच्या आधी.

मंगळूर-चेन्नई मार्गाने हे झाले नसते असे नाही. पण या वाटेवर ओळखीची माणसे जसजशी पुढे जावे तसतशी वाढत जातात. थकवा वाढतो त्याच वेळी भाषा आपली होत जाते. नवख्यांसाठी ही सवलत लहान नाही.

शिवाय ही वाट पायांखालची आहे. पंधराव्या शतकात, महमूद गवानच्या कारभारात, बहामनी राज्य या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत पसरले होते. राजधानी बिदर हुमनाबादेपासून फार लांब नाही. पश्चिमेला दाभोळचे बंदर, वाशिष्ठीच्या मुखावर. पूर्वेला मछलीपट्टणम, तिथले लोक आजही त्या गावाला नुसते 'बंदर' म्हणतात. इंग्रजांनी तिथे वखार घातली ती १६११ साली, कापडासाठी. जवळच्या पेडना गावात कलमकारीचे ठसे आजही कापडावर उमटतात. मुलांनी तो अर्धा तास जरूर काढावा.

आता धोक्यांचे. पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचे दिवस. १९ नोव्हेंबर १९७७ च्या वादळात कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवीसीमा भागात हजारो माणसे वाहून गेली. म्हणून दिवाळीची सुट्टी या बेताला उपयोगाची नाही. फेब्रुवारी उलटला की सोलापूरकडचे ऊन सोसवत नाही. राहिला काळ डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही माघी एकादशीच्या आसपास पंढरपूर टाळावे, कारण त्या दिवसांत निवाऱ्याला जागा मिळत नाही.

महामार्ग चौपदरी आहे, कडेला पट्टा आहे, तरी वाहने भरधाव असतात. एकामागे एक चालावे, जोडीने गप्पा मारत नव्हे. आपल्या भागात आल्यावर धोका बदलतो. हे दिवस उसाच्या गळिताचे. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा असेलच असे नाही, आणि ट्रेलरबाहेर लोंबणारा ऊस. ट्रॅक्टरच्या शेजारून घाईने पुढे काढू नये. आईची सूर्यास्ताची अट इथे सर्वांत मोलाची ठरते.

वडूजहून पुसेसावळीमार्गे कराड, तिथून कोयनेच्या काठाने पाटण आणि कोयनानगर. शंभर किलोमीटरच्या आत पाऊस दहापट होतो: खटावात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कोयनेला पाच हजारांच्या घरात. बाभळी संपून झाडी दाट होते. घाट सकाळी उतरावा. ब्रेक सतत आवळून धरू नये. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. मध्ये दोनदा थांबून रिम हाताला किती तापली ते पाहावे. शेवटच्या दिवशी चिपळूणहून लवकर निघावे, कारण दुपारनंतर समुद्रावरचा वारा समोरून येतो. चाक खाऱ्या पाण्यात बुडवायची हौस जरूर करावी, मात्र लगेच गोड्या पाण्याने धुवावे. मीठ साखळीला गंज आणते.

एवढ्या दिवसांची सवड सर्वांना नसते. त्यांनी वडूज ते गुहागर एवढाच तुकडा घ्यावा: कराड, कोयनानगर, चिपळूण असे मुक्काम आणि चौथ्या दिवशी समुद्र. चौदा-पंधरा वर्षांची मुले वडीलधाऱ्यांबरोबर हे आरामात करू शकतील. घाट उतरल्यावर पोफळीला त्यांना थांबवून एक गोष्ट सांगावी. कोयना ही कराडला कृष्णेला मिळणारी, पूर्वेला जाणारी नदी. पण धरणात अडवलेले तिचे पुष्कळसे पाणी बोगद्यांतून इथे खाली येते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. सह्याद्री ओलांडून पश्चिमेला उतरलेले ते पाणी आणि आपली मुले, दोघेही इथून पुढे एकाच समुद्राकडे निघालेले असतात.