सीपॅप वापरताना झोपेच्या कोणत्या आकड्यावर विसंबावे?

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले. या विकारात झोपेत घशातील श्वासमार्ग वारंवार मिटतो आणि रक्तातील प्राणवायू घटतो. मुखवट्यातून दाबाने हवा देणारे ‘सीपॅप’ यंत्र हा त्यावरील प्रमुख उपचार. तो लागू पडतो की नाही, हे पाहण्यासाठी काही रुग्ण मनगटी घड्याळ घेतात.

सॅमसंग व ॲपल यांच्या घड्याळांतील या विकाराची सूचना देणाऱ्या सुविधांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. मात्र त्या निदान न झालेल्यांसाठी आहेत. उपचार घेणाऱ्यांसाठी नव्हेत. खरेदीच्या वेळी नेमकी हीच अट नजरेतून सुटते. झोप किती तास झाली, हे घड्याळ बऱ्यापैकी सांगते. गाढ झोपेची मिनिटे मात्र हालचाल व नाडीवरून बांधलेला अंदाज असतो, कारण ते मेंदूच्या लहरी मोजत नाही.

याउलट बहुतेक आधुनिक सीपॅप यंत्रे ताशी किती वेळा श्वास अडखळला आणि मुखवट्यातून हवा किती गळली, याची नोंद स्वतःच ठेवतात. ताशी पाचपेक्षा कमी संख्या सामान्यतः समाधानकारक मानली जाते. जोडीला साधन हवेच असेल, तर रात्रभर नोंद ठेवणारा, बोटाला लावायचा वैद्यकीय दर्जाचा ऑक्सिमीटर अधिक उपयोगी. प्राणवायूचा आकडा अनेक रात्री घसरत राहिल्यास यंत्राचा दाब परस्पर न बदलता ती नोंद डॉक्टरांना दाखवावी.