शहाड सोडलं की खिडकीबाहेर बघा!

टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा लोकलने येत-जात असाल, तर शहाड आणि आंबिवलीच्या मधला पूल तुम्ही हजारदा ओलांडला असेल. खाली उल्हास नदी असते. आपण तेव्हा रीलमध्ये असतो, ते सोडा. पण पक्षी बघायचे तर भिगवणलाच जायचं, गेला बाजार ऐरोलीला फ्लेमिंगो, हा जो आपला समज आहे ना, तो एका रविवारच्या सकाळी मोडतो.

शहाडला उतरा आणि रिक्षाने कल्याण-मुरबाड रस्ता धरा. म्हारळ, वरप, कांबा ही गावं ओळीने येतात. गावातून नदीकडे जाणारी एखादी पायवाट पकडा. साडेसहाला पोचलात तर उत्तम, नऊनंतर ऊन आणि हॉर्न दोन्ही चढतात. दुर्बीण नसली तरी अडत नाही. सुरुवातीला डोळ्यांपेक्षा कानच जास्त कामाला येतात.

पहिली हाक बहुतेक टिटवीची. तुम्ही तिला दिसायच्या आधी तिला तुम्ही दिसलेले असता, आणि ती ते गावभर सांगते. तारेवर वेडा राघू आणि कोतवाल. झुडपात भारद्वाज, तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात (परीक्षेच्या दिवशी आजमावून बघा). काठाच्या चिखलात शेपटी वरखाली करत पळतो तो धोबी. याच्या काही जाती इथल्याच, काही हिवाळ्यापुरत्या हिमालयाकडून, त्याहीपलीकडून येतात. आपल्या सेमिस्टरइतकाच त्यांचा मुक्काम!

आता नदीकडे नीट बघा. काही ठिकाणी पाणी दिसतच नाही, नुसता हिरवा गालिचा. फोटोला भारी, पण ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची, सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते. गंमत म्हणजे कमळपक्ष्याला ती चालते. लांबलचक बोटांमुळे तो पानांवरून आरामात फिरतो. (त्यांच्यात अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे बाबांचं काम असतं.) पाणकोंबड्यांनाही लपायला जागा मिळते. म्हणून 'जलपर्णीत पक्षी आहेत, म्हणजे सगळं ठीक' असं वाटू शकतं. तिथेच आपण फसतो.

कारण कवड्या बघा. काळा-पांढरा खंड्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. त्याला मासा दिसायला उघडं पाणी लागतं. पांढऱ्या गळ्याचा नेहमीचा खंड्या नाकतोडे-सरडे खाऊन शेतातही निभावतो, कवड्याचं तसं नाही. गालिचा पसरला की तो आणि पाणकावळा, दोघांचंही ताट झाकलं जातं. आणि हा प्रश्न फक्त पाखरांचा नाही. 'स्टेम' प्राधिकरण याच नदीतून, शहाडलाच पाणी उचलतं. नावातला 'स' शहाडचा, 'टेम' टेमघरचा. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळांपर्यंत हे पाणी जातं. तुमच्या बाटलीतही असेल.

म्हणून नुसते बघून येऊ नका, लिहून ठेवा. 'ईबर्ड' हे अ‍ॅप फुकट आहे. तारीख, जागा, किती वेळ थांबलात, कोणते पक्षी, किती, एवढंच भरायचं. आज तीन कवडे दिसले आणि पाच वर्षांनी एकही नाही, हे सांगायला आजची नोंद हवी. भिगवणला नोंदी करणारे पुष्कळ आहेत, म्हारळच्या घाटाला तुमच्याशिवाय कोण? राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांना जोडून. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षिगणना होते, तिला १५ मिनिटंही पुरतात.

दोघं-तिघं मिळून जा, काठ निसरडा असतो. घरट्याजवळ जाऊन फोटो नकोत, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणंही नको. आणि हो, यादीत कावळासुद्धा लिहायचा. तोही मोजतात.