मोटारीतील ध्वनिवर्धक मुका का होतो?

निपाणीहून बेळगावकडे निघालेल्या वडापाच्या जीपमध्ये गाणे चालू असावे आणि तवंदी घाट ओलांडता ओलांडता ते एकाएकी बंद पडावे, हा अनुभव या भागातील प्रवाशांस नवा नाही. चालक पेटीवर एक थाप मारतो. थाप लागू पडली नाही, तर फ्यूज काढून पाहतो. आणि तो जळालेला दिसला, की त्या जागी तांब्याची तार गुंडाळून मोकळा होतो. किरकोळ बिघाडाचे रूपांतर आगीत होण्याचा धोका येथेच उत्पन्न होतो. मोटारीची बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तो अडविणारा फ्यूजच काढून टाकल्यावर जळायला तारेचे वेष्टन आणि बैठकीखालचा काथ्या एवढेच उरते.

ध्वनिवर्धकाचे कार्य समजले, की दोष शोधणे सोपे जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४ ओहमच्या कर्ण्यास साध्या जोडणीने जेमतेम साडेचार वॉट शक्ती मिळते. म्हणून मोठ्या ध्वनिवर्धकाच्या बोर्डाचे दोन भाग केलेले असतात. पहिला भाग बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन त्याचा दाब, समजा, अधिक-उणे ३० व्होल्टपर्यंत चढवितो. दुसरा भाग त्या दाबाच्या बळावर गाण्याचा क्षीण संकेत सशक्त करून कर्ण्याकडे धाडतो. मग तोच कर्णा शंभर वॉटांवर वाजू शकतो. जुन्या व्हॉल्व्हच्या मोटार-रेडिओतही दाब असाच वाढवावा लागे. ते काम तेव्हा कंप पावणारी पोलादी पट्टी करीत असे.

तपासणीचा आरंभ पेटी न उघडता करावा. इंजिन चालू असताना पेटीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाब मिळाला पाहिजे. तो कमी भरल्यास ऋण तारेची जोडणी पाहावी. रंगावर किंवा गंजावर कसलेला स्क्रू प्रवाह नेत नाही. पेटी जागी करणाऱ्या बारीक तारेवरही १२ व्होल्ट असावेत. नंतर कर्ण्यांच्या तारा सोडवाव्यात. त्यासरशी संरक्षणाचा तांबडा दिवा विझला, तर दोष कर्ण्यात किंवा त्याच्या तारेत आहे. बोर्ड निर्दोष समजावा.

एवढ्याने उलगडा न झाल्यास पेटी उघडावी. थापेने गाणे सुरू होत असेल, तर बहुधा हादऱ्यांनी एखादा डाख तडकलेला असतो. बेळगाव-खानापूरकडील पावसाळ्यात दमटपणामुळे बोर्डावर हिरवट गंज चढतो. फुगलेला कपॅसिटर तर डोळ्यांनीच दिसतो. फ्यूज वारंवार जळत असेल, तर पहिल्या भागातील शक्तिवाहक ट्रान्झिस्टर मीटरने तपासावेत. ते समांतर जोडलेले असल्याने एक निकामी झाला, तरी सारेच निकामी भासतात. म्हणून प्रत्येकाचा पाय सुटा करून मोजणे भाग पडते. मात्र बदलताना पूर्ण संच बदलावा व त्यांच्या द्वाराशी असलेले रोधकही पाहावेत.

यानंतर पेटी थेट बॅटरीस जोडू नये. मध्ये मोटारीचा २१ वॉटचा दिवा घालावा. दिवा क्षणभर चमकून मंदावला, तर पुढे जावे. प्रखर तेवत राहिला, तर बोर्डात अजून लघुमंडल आहे असे जाणावे. शेवटी कर्ण्याच्या टोकांवरील स्थिर दाब मोजावा. तो जवळजवळ शून्य नसेल, तर कर्ण्याचे वेटोळे जळून जाईल.

महामार्गावरील चालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या मालमोटारींची विद्युत्-योजना बहुधा २४ व्होल्टची असते. मोटारीतली १२ व्होल्टची पेटी तिला सरळ जोडली, की ती पहिल्याच क्षणी निकामी होऊ शकते.

जळालेला फ्यूज दोषाची वर्दी देतो. ती वर्दी ऐकून कारण शोधणाऱ्याचे दोनचारशे रुपयांत भागते. जो तिचे तोंड तारेने बांधतो, त्याला पेटी गमवावी लागते आणि कधी गाडीही.